हॅटट्रिक कोणाची?



दहावीचा निकाल दुपारी एक वाजता ऑनलाइन लागतो, हे आता प्रत्येक घराला पाठ झाले आहे. यंदा त्या दिवशी मी काटोललाच, आपाच्या घरी होतो. आपाची दोन्ही मुले याआधी दहावीत नव्वद टक्क्यांच्या वर गेलेली. आता धाकटीची, म्हणजे माझ्या भाचीची पाळी होती. मधल्या भाच्याने सकाळीच मोबाइलवर स्टेटस ठेवले होते, ‘हॅटट्रिक लोडिंग’. दोन किलो पेढ्यांचा डबा आणून फ्रिजवर ठेवलेला होता. शेजारची भाभी दोनदा डोकावून गेली होती. मीही मागे नव्हतो. आदल्या रात्रीच भाचीला मेसेज पाठवला होता, ‘हॅटट्रिकसाठी अ‍ॅडव्हान्स मुबारकबाद’.

एक वाजून दहा मिनिटांनी साइट उघडली. चौऱ्याहत्तर टक्के.

कोणी रागावले नाही. कोणी काही बोललेच नाही, आणि तेच जास्त वाईट झाले. मधल्याने हळूच स्टेटस काढून टाकले. आपा स्वयंपाकघरात गेली. भाचीने फ्रिजवरच्या डब्याकडे पाहिले आणि मला विचारले, “मामू, पेढे परत घेतात का हो दुकानात?” मला उत्तर सुचले नाही. ती आतल्या खोलीत निघून गेली.

चौऱ्याहत्तर टक्के हे काही वाईट गुण नाहीत. एखाद्या घरात पहिल्या मुलाला एवढे गुण मिळाले असते तर तिथे पेढे वाटले गेले असते. आपाच्या घरात मात्र ते अपयश ठरले, कारण आम्ही सर्वांनी निकालाआधीच त्याला एक नाव देऊन ठेवले होते. त्या दिवसापासून तो शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून या महिन्यात त्याच्याविषयीच लिहितो.

हॅटट्रिक हा मुळात क्रिकेटमधील गोलंदाजीचा शब्द. १८५८ साली इंग्लंडमधील शेफिल्ड येथे हाइड पार्क मैदानावर एच. एच. स्टीफन्सन या गोलंदाजाने लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन बळी घेतले. तो पैसे घेऊन खेळणारा व्यावसायिक खेळाडू होता. लोकांनी वर्गणी जमवली आणि त्या पैशांतून त्याला टोपी बक्षीस दिली. टोपी म्हणजे हॅट आणि करामत म्हणजे ट्रिक. एवढीच या शब्दाची सुरुवात. एका माणसाने तीन चेंडूंत केलेल्या कामाची ती शाबासकी होती. सामना कोण जिंकले, पुढे काय झाले, याच्याशी त्या टोपीचा संबंध नव्हता.

पुढे हा शब्द फुटबॉलमध्ये गेला, हॉकीत गेला. तिथे एका खेळाडूने एका सामन्यात तीन गोल केले की झाली हॅटट्रिक, मग ते लागोपाठ असोत वा नसोत. आपल्याकडे तो वर्तमानपत्रांतून घरोघरी पोहोचला. एखादा उमेदवार तिसऱ्यांदा निवडून आला की ‘विजयाची हॅटट्रिक’, नटाचे तीन सिनेमे चालले की हॅटट्रिक, कॉलेजने तीन वर्षे करंडक राखला की हॅटट्रिक. होता होता त्याचा अर्थ ‘पूर्ण यश’ असा झाला. ज्याने ती साधली त्याने सगळे मिळवले आणि ज्याची तिसऱ्यांदा हुकली त्याने जणू आधीचेही घालवले, असे आपण बोलू लागलो.

पण खरोखरच्या हॅटट्रिक आठवून पाहा. आपल्या नागपूरचीच घ्या. शनिवार, ३१ ऑक्टोबर १९८७. रिलायन्स विश्वचषकातील भारत-न्यूझीलंड सामना नागपुरात, सिव्हिल लाइन्समधील व्हीसीए मैदानावर होता. मी तेव्हा शाळकरी पोरगा होतो. आमच्या गल्लीत ज्या एका घरी टीव्ही होता, तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. चेतन शर्माने केन रदरफोर्डचा त्रिफळा उडवला, पुढच्या चेंडूवर इयान स्मिथचा, त्याच्या पुढच्या चेंडूवर इवेन चॅटफिल्डचा. तिघेही त्रिफळाचीत. विश्वचषकाच्या इतिहासातील ही पहिली हॅटट्रिक. काटोलहून तासा-दीड तासाच्या अंतरावर ती घडली, याचा आम्हाला कोण अभिमान! पुढे कित्येक दिवस गल्लीतला प्रत्येक गोलंदाज चेतन शर्मा झाला होता.

त्या दिवशी न्यूझीलंडच्या २२१ धावा झाल्या. गटात पहिला क्रमांक मिळवायचा तर भारताला त्या वेगाने पार करणे भाग होते. सुनील गावसकर यांनी अंगात ताप असताना ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा केल्या. एकदिवसीय सामन्यांतील त्यांचे हे एकमेव शतक. श्रीकांतने ७५ धावा केल्या, मोहम्मद अझरुद्दीन ४१ धावांवर नाबाद राहिला आणि ३३व्या षटकात सामना संपला. सामनावीराचा मान गावसकर आणि चेतन शर्मा या दोघांत वाटला गेला. म्हणजे हॅटट्रिकच्या दिवशीसुद्धा विजय एकट्या हॅटट्रिकचा नव्हता.

आणि पुढे? पाचच दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, मुंबईच्या वानखेडे मैदानावर उपांत्य सामन्यात इंग्लंडने भारताला हरवले. विश्वचषक हातातून गेला. मागे गेलो तर आणखी एक गोष्ट दिसते. १८ एप्रिल १९८६ रोजी शारजाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानला शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्या होत्या आणि जावेद मियांदादने षटकार मारला. तो चेंडू टाकणारा गोलंदाज हाच चेतन शर्मा. दीड वर्ष लोक त्याला त्या एका चेंडूसाठी टोमणे मारत होते. मग तीन चेंडूंसाठी डोक्यावर घेतले. माणूस तोच होता. रोज सरावाला जाणारा, रोज चेंडू टाकणारा. आपण मात्र त्याला कधी एका चेंडूवरून आणि कधी तीन चेंडूंवरून मोजले.

दुसरे उदाहरण इरफान पठाणचे. बडोद्यातील मशिदीत अजान देणाऱ्या वडिलांचा हा मुलगा, मशिदीच्या आवारातच वाढलेला. २९ जानेवारी २००६ रोजी कराची कसोटीच्या पहिल्याच षटकात त्याने चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या चेंडूवर सलमान बट, युनूस खान आणि मोहम्मद युसूफ यांना बाद केले. कसोटी सामन्याच्या पहिल्या षटकात हॅटट्रिक घेणारा तो पहिला गोलंदाज. पाकिस्तानची अवस्था ६ बाद ३९ झाली. यापेक्षा मोठे यश ते कोणते? पण कामरान अकमलने ११३ धावा काढून डाव सावरला आणि अखेरीस भारत तो सामना तब्बल ३४१ धावांनी हरला. मालिकाही हातची गेली.

पुढच्या वर्षी, २४ सप्टेंबर २००७ रोजी, जोहान्सबर्गला पहिल्या टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. इरफानने १६ धावांत तीन बळी घेतले. हॅटट्रिक वगैरे काही नाही. पण भारत जिंकला, विश्वचषक मिळाला आणि सामनावीर इरफान ठरला. त्याचा थोरला भाऊ युसूफ त्याच सामन्यात आपला पहिला आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटी सामना खेळला. त्या घरात धाकटा आधी भारतीय संघात आला आणि थोरला नंतर. भावांच्या वयाचा क्रम आणि यशाचा क्रम एकच असावा, असा नियम कुठे आहे?

फुटबॉलचे ताजे उदाहरण आपल्या मुलांना चांगले आठवत असेल. १८ डिसेंबर २०२२ रोजी कतारमधील लुसैल मैदानावर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात फ्रान्सच्या किलियन एम्बापेने तीन गोल केले. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हॅटट्रिक, ही फार दुर्मीळ गोष्ट. तरीही सामना ३-३ बरोबरीत सुटला, पेनल्टीवर अर्जेंटिना जिंकली आणि हॅटट्रिक करणारा खेळाडू पराभूत संघात राहिला.

आता आपल्या विदर्भाकडे येऊ. विदर्भाचा संघ साठ वर्षे रणजी करंडकाच्या मागे होता. १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरला दिल्लीचा नऊ गडी राखून पराभव करून त्याने तो पहिल्यांदा जिंकला. त्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीने हॅटट्रिक घेतली आणि ती वर्तमानपत्रांत गाजली. पण त्या संघाच्या कर्णधाराची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. फैज फजल, आपल्या नागपूरचाच. २०१६ साली झिम्बाब्वेत, हरारेला, तो भारताकडून एक एकदिवसीय सामना खेळला आणि नाबाद ५५ धावा केल्या. त्यानंतर त्याला भारतीय संघात पुन्हा कधीच संधी मिळाली नाही. अर्धशतकाचे उत्तर म्हणून दार बंद! असे दुसऱ्या कोणाचे झाले असते तर त्याने बॅट ठेवून दिली असती. फैज पुन्हा विदर्भासाठी खेळू लागला. त्या रणजी हंगामात त्याने नऊशेच्या वर धावा केल्या आणि करंडक नागपुरात आणला. मुंबईचा वसीम जाफर तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होता, तोही या संघात होता.

पुढच्या वर्षी, २०१९ मध्ये, विदर्भाने पुन्हा करंडक जिंकला. लगेच सगळीकडे चर्चा सुरू झाली, आता हॅटट्रिक! ती झाली नाही. २०२४ मध्ये संघ अंतिम सामन्यात पोहोचला आणि मुंबईकडून हरला. तिसरा करंडक आला तो मार्च २०२५ मध्ये, केरळविरुद्ध, नागपुरातच. सहा वर्षांनी. लागोपाठ आला नाही म्हणून तो करंडक हलका झाला का? त्या रात्री नागपुरात कोणाला तसे वाटले नसेल.

हे सारे आठवत असताना त्या दुपारी जोहरची अजान झाली होती, हेही आठवले. अजानमध्ये आपल्याला दोन गोष्टींकडे बोलावले जाते, आधी नमाजकडे आणि मग फलाहकडे. फलाह म्हणजे कामयाबी, पूर्ण यश, असा अर्थ आपण मुलांना सांगतो. दिवसातून पाच वेळा ही हाक कानांवर पडते. पण घरात कामयाबीचा हिशोब करताना आपण अजानमधला शब्द मशिदीत ठेवतो आणि मैदानावरचा शब्द घरी आणतो.

फलाह या अरबी शब्दाच्या मुळाशी जमीन फोडणे, नांगरणे हा अर्थ आहे. म्हणूनच अरबीत शेतकऱ्याला ‘फल्लाह’ म्हणतात. आपण काटोलची माणसे. हा अर्थ आपल्याला समजावून सांगायला नको. संत्र्याची बाग लावणारा जंबेरीच्या खुंटावर डोळा भरून कलम तयार करतो, पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत फळाची वाट पाहतो. बहार धरण्याआधी बाग ताणावर सोडतो, पाणी बंद करतो. पाने मलूल होतात, बाग सुकल्यासारखी दिसते. परक्या माणसाला वाटेल, गेली ही बाग. मालकाला ठाऊक असते की याच ताणातून फूल येणार आहे. तीन चेंडूंत निकाल लागतो तो खेळ. फलाहचा हिशोब शेतीसारखा, हंगामाहंगामाने होणारा आहे, आणि पेरणाऱ्याच्या हातात मेहनत असते, पाऊस अल्लाहच्या हातात.

कुरआनमधील सूरह मोमिनूनच्या आरंभीच फलाह मिळवणाऱ्यांचा उल्लेख येतो. त्यांची लक्षणे तिथे सांगितली आहेत. नमाजमध्ये नम्रता, फालतू गोष्टींपासून दूर राहणे, जकात देणे, चारित्र्य जपणे, अमानत आणि दिलेला शब्द पाळणे. या यादीत एकही गोष्ट अशी नाही जी भावाशी किंवा बहिणीशी तुलना करून मोजावी लागेल. पहिल्या दोघांनी काय केले, यावर तिसऱ्याची फलाह अवलंबून ठेवलेली नाही.

आता पुन्हा आपाच्या घरी येतो. जोहरची नमाज पढून दुल्हाभाई परत आले. ते कमी बोलणारे, बागेत रमणारे. त्यांनी भाचीला हाक मारली आणि म्हणाले, “बेटा, टक्के नकोत मला. विषयवार गुण दाखव.”

एक वाजल्यापासून हे आमच्यापैकी कोणालाही सुचले नव्हते. तिने मोबाइल आणून दिला. त्यांनी चष्मा लावून एकेक विषय पाहिला आणि गणितावर थांबले.

“अडुसष्ट. सराव परीक्षेत किती होते?”

“एकतीस,” ती पुटपुटली.

“एकतीसचे अडुसष्ट? कोणाकडे शिकवणी लावली होती?”

“कोणाकडे नाही. फजरनंतर एकटीच सोडवत बसायची.”

आपा दारात उभी होती. पहाटे त्या खोलीत दिवा लागलेला तिने रोज पाहिला होता. पण आतापर्यंत सगळ्यांचे डोळे नव्वदच्या आकड्यावर होते. मुलीने दोन-अडीच महिन्यांत स्वतःच्या जोरावर गणितात दुपटीहून जास्त गुण मिळवले होते आणि आम्ही तिला पेढे परत करण्याचा विचार करायला लावले होते. मला माझा मेसेज आठवला आणि लाज वाटली.

दुल्हाभाई म्हणाले, “एकाच दिवशी लावलेली कलमं आहेत आपल्या बागेत. सगळी एकाच वर्षी सारखी लदत नाहीत. मी काय कमी लदलेलं झाड उपटून टाकतो?” मग मधल्या मुलाला म्हणाले, “डबा उतरव.”

पेढ्यांचा पहिला मान नानीला मिळाला. शेजारच्या भाभीकडे डबा घेऊन भाची स्वतः गेली.

वाचकहो, प्रत्येक घरात असा एक धाकटा किंवा धाकटी असते. कधी ती तिसरी असते, कधी दुसरीच. कधी तुलना सख्ख्या भावाशी असते, कधी खालाच्या किंवा फुफीच्या मुलाशी. म्हणून चार साध्या गोष्टी सुचवतो. निकालाआधी मुलाच्या नावाने कसलीही घोषणा करू नका, स्टेटस ठेवू नका. निकाल लागला की टक्क्यांच्या आधी विषय विचारा, आणि मागच्या वेळी त्याच मुलाला किती होते ते आठवा. पेढे आणायचे तर निकाल कसाही लागो, ते वाटायचेच, असे आधी ठरवून आणा. आणि घरातल्या एका मुलाचे यश दुसऱ्यासाठी मोजपट्टी म्हणून कधी वापरू नका. त्याने धाकट्याचे मन मोडते आणि थोरल्याच्या मनातही नकळत घमेंड शिरते.

हजरत नोमान बिन बशीर (रजि.) यांच्या वडिलांची हकीकत हदीसमध्ये आहे. त्यांनी आपल्या एका मुलाला देणगी दिली आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी साक्षीदार व्हावे, अशी इच्छा केली. प्रेषितांनी विचारले, सर्व मुलांना असेच दिले आहे का? उत्तर नाही असे आल्यावर त्यांनी साक्ष दिली नाही आणि मुलांमध्ये न्याय करण्याची ताकीद दिली. आपण ही हदीस जमीन-जुमल्याच्या वाटणीत आठवतो. शाबासकी हीसुद्धा आई-वडिलांकडून मुलांना मिळणारी देणगीच आहे. तिच्यातही न्याय हवा. न्याय म्हणजे सगळ्यांना सारखेच शब्द नव्हेत, पण प्रत्येकाच्या मेहनतीकडे तितक्याच बारकाईने पाहणे नक्कीच.

भाचीने अकरावीच्या अर्जात वाणिज्य शाखा भरली आहे. थोरले दोघे विज्ञानाचे. तिला विचारले तर म्हणाली, “हिशोब आवडायला लागलाय.” मी निघताना तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्या मेसेजबद्दल माफी मागितली. ती हसली.

“मामू, बारावीला मेसेज निकाल लागल्यावर करा.”

कबूल केले आहे. अल्लाह आपल्या सर्वांच्या मुलांना फलाह नसीब करो आणि ती ओळखण्याची नजर आपल्याला देवो. आमीन.